बावीस मिलिमीटर

दीपू,

आपल्या भांडुपच्या कॉलनीच्या गेटवर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटो तुझ्या सईच्या बारशातला आहे. शेजारून मला आणि सुजाताला कापून काढलंय, पण कापणाऱ्याने नीट कापलं नाही, त्यामुळे तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी पंजा तेवढा उरलाय. तो माझा. वर ‘कर्करोगाशी झुंज अपयशी’, खाली शोकाकुल म्हणून आठ जणांची नावं, आणि त्यातल्या एका भावी नगरसेवकाचा फोटो तुझ्याहून मोठा. तू बघितला असतास तर पहिलं हेच म्हणाली असतीस, “दादा, याचं स्केल चुकलंय रे.”

झुंज म्हणे. डोक्याला रुमाल बांधून तू आमचा जिना चढायचीस, तेव्हा या आठांपैकी एकाच्याही घराचं दार उघडं राहत नव्हतं. आता झुंज. तू कुणाशी झुंजली नाहीस. तुला एक गाठ लागली, तू ती मोजलीस, ज्याला विचारायचं त्याला विचारलंस, आणि त्याने तुला चुकीचं उत्तर दिलं. एवढंच झालं. ज्याने उत्तर दिलं त्याचा पंजा फ्लेक्सवर आहे.

या तेरा दिवसांत मला माणसांचा वीट आलाय. “देवाला चांगली माणसं लवकर लागतात,” असं तळमजल्यावरचे सावंत म्हणाले. त्यांचं वय ब्याऐंशी. मी त्यांच्याकडे बघत राहिलो, पण त्यांना काही लागलं नाही. महिला मंडळाने छातीवर गुलाबी फिती लावून तुझ्या नावाने फोटो काढला आणि लगेच फिती काढून ढोकळा खाल्ला. एक जण मला कोपऱ्यात घेऊन विचारतो, “वडिलांच्या बाजूने आला की आईच्या?” जसा काही गावच्या जमिनीचा सातबारा विचारतोय. तरीही ही सगळी माणसं माझ्यापुढे बरी. ती मूर्ख आहेत, पण त्यांचं ऐकून तू थांबली नव्हतीस.

तू माझं ऐकून थांबलीस.

तू मला ‘अर्धा डॉक्टर’ म्हणायचीस. कॉलनीत सगळेच म्हणायचे, पण ते कौतुकाने आणि तू टोमणा म्हणून. सव्वीस वर्षं मी औषध कंपनीची बॅग घेऊन घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत डॉक्टरांचे दवाखाने फिरतोय. बाहेर पेशंटांमध्ये बसायचं, नंबर लागला की आत जाऊन दोन मिनिटांत आपल्या गोळ्यांचं गुणगान करायचं, सॅम्पल ठेवायची आणि निघायचं. या दोन-दोन मिनिटांच्या बेरजेवर मी स्वतःला शहाणा समजू लागलो. संध्याकाळी घरी आलो की कुणी ना कुणी रिपोर्ट घेऊन बसलेलं असायचं. मी चष्मा वर करायचो, जिथे ठळक अक्षर असेल तिथे बोट ठेवून “हं” म्हणायचो. त्या “हं”ची मला चटक लागली होती. तू एकदा सगळ्यांसमोर म्हणालीस, “अरे, त्याला ‘हं’च्या पुढचं काही येत नाही. विचारून बघा.” सगळे हसले. मीही हसलो, आणि दोन दिवस तुझ्याशी धड बोललो नाही.

लग्नानंतर अकरा वर्षांनी तुला दिवस राहिले. तू छत्तीसची. महेश सकाळी सहाला घर सोडायचा, ट्रॉम्बेची नोकरी, मुलुंडच्या घरात तू दिवसभर एकटी. म्हणून रीत मोडून पाचव्या महिन्यातच तुला माहेरी आणलं. आईने आधी कुरकुर केली, मग आठवडाभर घावणे घातले. तू लॅपटॉप, कागदाच्या गुंडाळ्या आणि स्केलपट्ट्या घेऊन आलीस आणि जेवणाचं अर्धं टेबल बळकावलंस. घाटकोपरच्या त्या आर्किटेक्टकडे बारा वर्षं ड्रॉइंग काढून तुला सगळ्याचं माप घ्यायची खोड लागली होती. आईचा घावणासुद्धा तू मोजलास. “आई, हा एकशेऐंशी आणि आधीचा दोनशे दहा. दादाला मोठा दिलास.”

रविवार होता. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून आठवड्याची सॅम्पल लावत होतो. सुजाता आतल्या खोलीतून आली, मागे दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, “अहो, दीपाला गाठ लागतेय.”

“कुठे?”

तिने नुसता पदर सारखा केला. मला कळलं.

“केवढी?”

“सुपारीएवढी असेल.”

तेवढ्यात आतून तुझा आवाज आला. “सुपारी कसली, वहिनी! बावीस मिलिमीटर आहे. मोजलीय मी.”

मी हसलो, दीपू. मनापासून हसलो. “गाठ कसली मोजतेस, दिवस मोज!” असं मी ओरडून म्हणालो, आणि स्वयंपाकघरातून आईही हसली. ते वाक्य मला इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी ते कांजूरच्या एका केमिस्टलाही ऐकवलं.

“दुधाची तयारी असते,” मी पुढे म्हणालो. “या दिवसांत होतंच.”

 दारापलीकडून तू विचारलंस, “दुधाची असेल तर दोन्हीकडे नको का रे?”

हा प्रश्न कुठल्याही डॉक्टरला थांबवेल असा होता. मी मोठ्या भावाचा आवाज काढला. “तू ड्रॉइंग काढ. डॉक्टरकी मला करू दे.”

दार लोटलेलंच होतं. तू पलीकडे, मी अलीकडे, मध्ये निरोप पोचवायला सुजाता. भावाबहिणीत अशा गोष्टी अशाच बोलायच्या असतात, असं आपल्याला कुणी न शिकवता आलेलं. मला तर त्यात सभ्यपणा वाटला.

पुढच्या तपासणीला तुझ्या डॉक्टरीणबाईंना दाखवते असं तू म्हणालीस. मी म्हटलं, त्यांच्याकडे बाहेर रांग असते, त्यांना कशाला त्रास, मीच एका सर्जनना विचारतो. आणि विचारलं. हे घरात सगळ्यांना माहीत आहे. काय विचारलं आणि काय ऐकलं ते मात्र माझं मलाच माहीत होतं. ते सर्जन दोन पेशंटांच्या मध्ये बेसिनपाशी हात धूत होते. मी बॅग बंद करता करता म्हणालो, “सर, घरातली केस आहे. पाचवा महिना, छातीत गाठ. दुधाचीच असते ना?” प्रश्नातच उत्तर भरून दिलं होतं मी. आमच्या धंद्यात तसंच विचारायला शिकवतात.

ते हात पुसत म्हणाले, “बहुतेक. पण दाखवून घ्या.”

घरी येऊन मी तुला सांगितलं, “विचारलं. दुधाचीच आहे म्हणाले.”

‘बहुतेक’ गेलं. ‘पण’ गेलं. ‘दाखवून घ्या’ गेलं. डॉक्टरच्या बोलण्यातला सोयीचा तुकडा तेवढा उचलून पुढे न्यायचा, हे मी इतकी वर्षं पगार घेऊन केलं होतं. त्या दिवशी घरच्यांसाठी फुकट केलं.

का केलं? स्वतःला मी बरीच कारणं सांगितली. अकरा वर्षांनी दिवस राहिलेत, तिला कशाला घाबरवा. डोहाळजेवण तोंडावर आलंय. आईचं ब्लडप्रेशर. यातलं एकही कारण खरं नाही. खरं कारण असं, की ज्या डॉक्टरांपुढे मी वाकून उभा राहतो, ज्यांच्या टेबलावर पेन आणि कॅलेंडरं ठेवतो, त्यांच्यापैकी कुणीतरी माझ्या बहिणीला पडद्यामागे नेऊन तपासणार, आणि पुढच्या महिन्यात मी पुन्हा त्याच टेबलासमोर उभा राहणार, याची मला लाज वाटली. एवढीशी लाज. एका घाणेरड्या, फडतूस माणसाची लाज. तिची किंमत तू भरलीस.

तू मात्र मोजत राहिलीस. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी, मी फुलांच्या माळा टांगत होतो, तू खालून म्हणालीस, “सव्वीस.” मी न ऐकल्यासारखं केलं. आठव्या महिन्यात चहा देताना म्हणालीस, “एकतीस झाली रे.” क्रिकेटचा स्कोअर सांगावा तशी. मला राग आला. घाबरलेल्या माणसाला येतो तसा. मी म्हणालो, “आता पुन्हा आकडा सांगितलास ना, तर ती पट्टी मोडून टाकीन.”

तू माझ्याकडे बघितलंस. हसली नाहीस. त्यानंतर तू मला एकही आकडा सांगितला नाहीस. पुढचे आकडे मला माहीत नाहीत. तुझ्या वह्या मी आता शोधल्या, दीपू. आकडे सापडले नाहीत.

सई झाली आणि घर वेडं झालं. सई उजव्या बाजूला प्यायची आणि डावीकडे घेतलं की तोंड फिरवून रडायची. ती दहा दिवसांची होती तेव्हा कुसुमकाकू बाळंतविडा घेऊन आली. आपल्या वडिलांची चुलतबहीण, पण सगळ्या भांडुपची काकू, बाळंतपणांचा मक्ता घेतल्यासारखी. तुला बघून म्हणाली, “काय नाय गो. दूध साकळलां हा. कोबीचां पान बांध नि शेकवून घे, बरां होतला.” सुजाता कोबी आणायला गेली. मी कंपनीच्या बॅगेतून दूध वाढायच्या पावडरीचे तीन डबे काढून दिले. आयुष्यभर तीच विकली ना मी! तू डब्यावरचं लेबल वाचलंस, मग मला म्हणालीस, “दादा, इथे अडलंय म्हणता आणि वरून आणखी ओतता? प्लंबरसुद्धा असं करत नाही.” आणि तरी घेतलीस. सकाळ-संध्याकाळ, दोन-दोन चमचे.

काकूचा मला फार तिरस्कार वाटायचा. आता वाटत नाही. ती चौथी शिकलेली, तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलं. जे माहीत होतं ते लपवलं मी.

सव्वा महिना बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून तेवढे दिवस आणखी गेले. मग तुला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मिनिटभर हात लावला आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. त्याच दुपारी सोनोग्राफी, दुसऱ्या दिवशी सुई घालून तुकडा तपासायला. बाईंना तू आधीच सांगितलं असतंस तर त्या पाचव्या महिन्यातही तशाच उभ्या राहिल्या असत्या. एक मिनिट लागतं याला. नंतर मोठ्या हॉस्पिटलात कळलं की गरोदरपणातही हे तपासता येतं, चौथा महिना सरला की उपचारसुद्धा करता येतात, बाळ पोटात ठेवून. तिथे एक बाई आपल्या शेजारी बसली होती, सातवा महिना, हाताला सलाईन, चेहऱ्यावर कंटाळा. तू तिच्या पोटाकडे बघत होतीस. मी त्या दिवशी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो तो तासभर आलो नाही.

त्या हॉस्पिटलातल्या पहिल्या दिवशी एक तरुण डॉक्टर फॉर्म भरून घेत होता. महेश औषधांच्या खिडकीपाशी होता. फाइल माझ्या हातात.

“गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली?”

तू म्हणालीस, “बाळंतपणानंतर. मीच लक्ष दिलं नाही.”

त्याने लिहून घेतलं. मी उभा होतो. एक शब्द बोललो नाही. टॅक्सीत महेश पुढे बसला, तू मागे माझ्या शेजारी, मांडीवर सई. मी तुझ्याकडे बघत होतो.

“काय बघतोस?” तू हळूच म्हणालीस. “तू तिथे रडत बसला असतास. मला फॉर्म संपवायचा होता.”

तुझं दूध गोळी देऊन बंद केलं, केमो सुरू करायची म्हणून. ते चार दिवस मला आठवतात. सई उजव्या बाजूला तोंड खुपसायची आणि तू तिला उचलून सुजाताकडे द्यायचीस, बाटलीसाठी, आणि मग भिंतीकडे तोंड करून बसायचीस. त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरची ती बाई बाळ बघायला आली. बाटली बघून तिचे ओठ वाकडे झाले. “अंगावर पाजत नाहीस? आजकालच्या पोरींना बाई फिगरची फार काळजी.” तू शांतपणे म्हणालीस, “माझं नासलंय, काकू. तुम्हाला हवंय का?” ती बाई पुन्हा आली नाही. तेराव्याला मात्र आली होती. दोन वेळा खीर घेतली.

आणि पायगुण. तोही झालाच. बाहेरचे बोलायचे ते सोड, एकदा आपल्या आईच्याच तोंडून निघालं, “पोर आली आणि हे सुरू झालं बघ.” तू सईचं पाऊल हातात धरलंस, पट्टी लावलीस आणि आईला म्हणालीस, “आठ सेंटीमीटर. एवढ्यात केवढं पाप मावेल, सांग.” आई रडायला लागली. तू तिला जवळ घेतलं नाहीस. मला वाटलं, बरं केलंस. मला वाटलं, आता माझ्याकडे वळशील. वळली नाहीस.

तू माझ्यावर ओरडली असतीस तर मी सुटलो असतो. तुला ते माहीत होतं. त्याऐवजी तू मला केमोच्या प्रत्येक फेरीला बरोबर नेलंस. फाइल धरायला लावलीस. प्रत्येक रिपोर्ट वाचून दाखवायला लावलास आणि मी कुठे अडखळलो तर म्हणायचीस, “पूर्ण वाच. तुकडे नकोत.” ‘हं’ करायला बंदी. पन्नाशीला टेकलेला मी, तुझ्यामुळे पहिल्यांदा वैद्यकीय कागद शेवटपर्यंत वाचायला शिकलो. याबद्दल तुझे आभार मानावेत असं मला वाटतं आणि मानायला तोंड नाही.

चौथ्या फेरीला मी तुला सांगून टाकलं. तू खुर्चीत आडवी होतीस, लाल औषध थेंबाथेंबाने हातात जात होतं. मी म्हणालो, “दीपू, तेव्हा ते सर्जन ‘दाखवून घ्या’ म्हणाले होते. मी तुला सांगितलं नाही.” तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलीस.  पिशवी संपली तेव्हा डोळे उघडून म्हणालीस, “संपलीय. सिस्टरला हाक मार.”

त्यावर तुझं उत्तर मला कधीच मिळालं नाही. वाद झाला तो दुसऱ्याच गोष्टीवर. मी म्हणालो, आता हे महेशला सांगतो. तू ताडकन उठून बसलीस. “अजिबात नाही.”

“त्याला कळायला हवं ना, दीपू.”

“त्याला कळलं तर तो तुझ्या घराची पायरी चढणार नाही. सईला कोण मग? बाप सकाळी सहाला जातो. तिला मामा लागेल.”

“तू मला वाचवतेस.”

“तुला?” तू हसलीस, तेव्हा भुवयासुद्धा गेल्या होत्या तुझ्या. “तुला कशाला वाचवू रे मी! तू साधन आहेस. मामा म्हणून उपयोगाचा आहेस, म्हणून ठेवलाय.”

हा वाद आपण दीड वर्षं घातला. गाठ काढली तेव्हा घातला, यकृतात निघालं तेव्हा घातला. शेवटचा घातला तो मुलुंडच्या घरी, तुझी वरणभातावरची वासना उडाली होती तेव्हा. मी म्हणालो, “लोक तुलाच दोष देतायत. अंगावर काढलं म्हणतात.” तू म्हणालीस, “म्हणू दे. मला कुठे ऐकायला थांबायचंय.” मी विचारलं, “आणि तू गेल्यावर?” तू खिडकीकडे तोंड वळवलंस. “गेल्यावर तुझं तू बघ. पण तिचा मामा हरवला तर याद राख.”

मोठ्या डॉक्टरांनी महेशला सांगून ठेवलं होतं, मुलगी मोठी झाली की तिची तपासणी इतर मुलींपेक्षा लवकर सुरू करायची, आणि आईचं काय झालं ते तिला नीट माहीत असू द्यायचं. नीट. कागदावर तर ‘बाळंतपणानंतर, स्वतः दुर्लक्ष’ असं आहे.

काल तेरावं झालं, मुलुंडला, सोसायटीच्या हॉलमध्ये. मी पंक्तीत भात वाढत होतो. कुसुमकाकू पानावरून मान वर करून शेजारणीला म्हणाली, “शिकलेलां चेडू, पण दुखणां अंगार काढल्यान.” शेजारीण म्हणाली, “वेळेत दाखवलं असतं तर आज ही वेळ आली नसती.” पलीकडून कुणीतरी, “या पोरींना ऐकायला नको असतं हो.” आणि सगळ्या पंक्तीने माना हलवल्या. भात कालवता कालवता. तू सोडून सगळ्यांना तुझ्याबद्दल सगळं माहीत होतं.

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणालो, “तिने दाखवलं होतं. पाचव्या महिन्यात. मला सांगितलं होतं. डॉक्टर दाखवून घ्या म्हणाले होते आणि मी तिला खोटं सांगितलं. तिने काही अंगावर काढलं नाही.”

काय झालं असेल, सांग. हॉल शांत झाला, कुणी माझ्या अंगावर आलं, काकूने ताट फेकलं? काही नाही. सावंत उठले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “असं मनाला लावून घेऊ नकोस रे. दुःखात माणूस काहीही बोलतो.” काकूने डोळ्यांना पदर लावला. “बघा गो, भावाचो जीव! सगळां आपल्यार घेता.” खीर दोनदा घेणारी बाई म्हणाली, “असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.” मला पाणी आणून दिलं. मी पुन्हा सांगायला लागलो तर मला खुर्चीत बसवलं. बावीस मिलिमीटर म्हणालो तर एकाने सुजाताला विचारलं, “झोपेची गोळी वगैरे घेतात का?” मी कबुली दिली आणि त्यांनी त्या कबुलीचंच कौतुक करून टाकलं.  या माणसांना खरं सांगणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग लावणं आहे.

हॉलमध्ये एकाच माणसाला ते खरं वाटलं. महेश कोपऱ्यात सईला भात भरवत होता. त्याने हात धुतला, सईला सुजाताच्या मांडीवर दिलं आणि मागच्या दाराने बाहेर गेला. मी मागोमाग गेलो. पाण्याच्या टाकीपाशी केटररची माणसं पातेली घासत होती. त्यांच्यापासून दहा पावलांवर तो उभा होता.

“कुठला महिना म्हणालात?”

“पाचवा.”

त्याने माझ्यासमोर बोटांवर मोजलं, लपवलं नाही. “पोटात चार. नंतर दीड. साडेपाच महिने.”

“हो.”

“मला फोन का नाही केलात, दादा?”

“तू कामावर असायचास. तिथे फोन आत नेता येत नाही, म्हणून...”

“संध्याकाळी बाहेर येतो मी. रोज येतो.”

मग मी त्याला खरं कारण सांगितलं. त्या डॉक्टरांची, त्या टेबलाची, लाजेची गोष्ट. तो ऐकत होता, आणि चपलेला काय लागलंय ते बघावं तसा माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली नाही. एवढं तरी.

“नववा लागला तेव्हा,” तो म्हणाला, “रविवारी मी तुमच्याकडे आलो होतो. आतल्या खोलीत ती मला म्हणाली, महेश, जरा हात लावून बघ. मी म्हटलं, दादांनी सांगितलंय ना, मग कशाला.” त्याचा आवाज फाटला. “हात लावला नाही मी. तुमचं नाव ऐकून, दादा. तुमचं नाव ऐकून नाही लावला.”

हे मला माहीत नव्हतं. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. म्हणजे तू तिथेही विचारलं होतंस, आणि तिथेही मध्ये मीच उभा होतो.

मी म्हणालो, “मी आता तुमच्याकडे येत नाही, महेश.”

“ते सोपं पडेल तुम्हाला,” तो म्हणाला. पातेली घासणाऱ्यांपैकी एकाने वळून बघितलं, इतक्या मोठ्याने. मग त्याने तोंडावरून हात फिरवला. “सईला उद्या कुणीतरी सांगणारच, तुझ्या आईने अंगावर काढलं. शाळेत, कुणाच्या लग्नात, कुठेतरी. काकू आहेच. त्याच्या आधी तिला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार. तुम्ही. सगळं, पहिल्यापासून. तिला कळण्याइतकी ती मोठी झाली की मी सांगेन, आता सांगा म्हणून. मी शेजारी बसेन.”

“मग ती मला मामा म्हणणार नाही.”

“नाही म्हणाली तर नाही म्हणाली. तोपर्यंत दर रविवारी यायचं. पळायचं नाही.”

तो आत गेला. मी तिथेच उभा राहिलो. थोड्या वेळाने मला कळलं, की आपल्या दीड वर्षाच्या वादात जे तुला आणि मला जमलं नाही ते त्याने दहा वाक्यांत केलं. मामाही ठेवला आणि खरंही ठेवलं. तुझा नवरा शहाणा आहे, दीपू. तू कधी कबूल करायची नाहीस.

आज रविवार आहे. हे लिहून झालं की मी मुलुंडला निघणार. सई अडीच वर्षांची आहे, सध्या तिला माझी बॅग उघडून त्यातले रिकामे खोके एकावर एक ठेवायचे असतात. ती खोके लावेल, मी बघत बसेन, महेश माझ्याशी बोलणार नाही बहुधा. पुढच्या रविवारीही नाही. ती विचारण्याइतकी मोठी होईल तेव्हा मी साठी ओलांडलेली असेन. मला तोवर टिकायला हवं, औषधं घेऊन, पूर्ण कागद वाचून. तिला कुठून सुरुवात करायची हे मला पुष्कळ दिवस समजत नव्हतं. आज सकाळी पहिलं वाक्य जमलं. त्याच्या पुढे मी अजून गेलेलो नाही.

सई, तुझ्या आईने विचारलं होतं.